छोट्या सिनेमासाठी टॅक्स क्रेडिट: बजेटात धरायचं की नाही?

ओसरी

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय जरा आडवाटेचा आहे, पण अमेरिकेत राहणारं आणि सिनेमाच्या धंद्यातलं कुणीतरी इथे असेल अशी आशा आहे.

मी न्यू जर्सीत राहते. दिवसा नोकरी, आणि गेली सहा वर्षं रात्री एक पटकथा लिहीत होते. अकराव्या खर्ड्यानंतर मीच हात टेकले आणि संपली असं जाहीर केलं. पूर्ण लांबीचा सिनेमा, निम्मा मराठी, निम्मा इंग्रजी. एक घर, त्या घराचं तळघर, एक लॉन्ड्रोमॅट आणि शेवटी समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस, एवढंच लोकेशन. २२ दिवसांचं शूटिंग.

बजेट ४ लाख २० हजार डॉलर झालंय. यापेक्षा कमी करायला गेले तर कॅमेरामन पळून जाईल असं दिसतंय. नातेवाईक, मित्रमंडळी, एक दातांचे डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र असे मिळून २ लाख ९० हजार जमतील. उरले १ लाख ३० हजार.

आता मुद्द्याचं. आमच्या राज्यात सिनेमावर ३० टक्के टॅक्स क्रेडिट मिळतं असं कळलं. ४ लाख २० हजारांचे ३० टक्के म्हणजे १ लाख २६ हजार. खड्डा जवळजवळ बुजतो, वरचे चार हजार मी घालीन. एका ओळखीच्या माणसाने असंही सुचवलं की गुंतवणूकदारांना सांग, क्रेडिटचे पैसे आले की ते सगळ्यात आधी तुम्हाला परत मिळतील, म्हणजे ते निर्धास्त होतील.

माझे प्रश्न: (१) हे गणित बरोबर आहे का? (२) पैसे हातात कधी येतात? शूटिंगच्या आधी की नंतर? (३) आमच्या छोट्या एलएलसीला (सिनेमासाठीची मर्यादित जबाबदारीची कंपनी) पहिली दोन वर्षं टॅक्स लागणारच नाही, मग क्रेडिट घेऊन करायचं काय?

सिनेमातलं सगळं येतं असं नाही, पण कॉल शीट म्हणजे काय (त्या दिवशी सेटवर कुणी, कधी यायचं तो कागद) हे मला माहीत आहे. तेव्हा अगदी बिगरीपासून सुरुवात केली नाही तरी चालेल.

---

खवट_काका

अभिनंदन! मला आधी वाटलं टॅक्सला क्रेडिट द्यायचं म्हणजे श्रेयनामावलीत "विशेष आभार: आयकर खातं" असं लिहायचं की काय. (हलके घ्या.)

आमच्या वेळी सिनेमा करमुक्त व्हायचा तेव्हा तिकीट स्वस्त व्हायचं आणि आम्ही दोनदा बघायचो. निर्मात्याला त्यात रोख काही मिळत नसे. हे प्रकरण वेगळं दिसतंय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

मुनीमजी

काकांनी गमतीत म्हटलं, पण गोंधळ खरोखर तिथूनच सुरू होतो, म्हणून तेवढा फरक आधी सांगतो. करमुक्त म्हणजे प्रेक्षकाच्या तिकिटावरचा कर माफ. इथलं टॅक्स क्रेडिट म्हणजे तुम्ही राज्यात केलेल्या खर्चाच्या काही टक्क्यांइतकी राज्याने दिलेली एक हुंडी. ती हुंडी तुमच्या करापोटी वळती करता येते. कर नसेल तर राज्यागणिक दोन वाटा असतात. काही राज्यं कराच्या वर उरलेली रक्कम रोख परत करतात, न्यू मेक्सिको त्यातलं. काही ठिकाणी ती हुंडी दुसऱ्या कुणाला विकता येते, जॉर्जिया आणि तुमचं न्यू जर्सी त्यातलं. विकत घेणारी एखादी मोठी कंपनी असते जिला त्या राज्यात भरपूर कर भरायचा असतो. ती डॉलरला ८५ ते ९२ सेंट देते, मधे ब्रोकर असतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

मी प्रॉडक्शन अकाउंटंट आहे. सेटवर सगळे मला मुनीमजीच म्हणतात, इथेही तेच नाव घेतलं. १४ वर्षं हेच करतोय, त्यातले नऊ सिनेमे पाच लाख डॉलरच्या आतले. मोठ्या सिनेमांचं मला विचारू नका, तिथे या कामाला वेगळा विभाग असतो.

आता तुमचं गणित. तुम्ही ३० टक्के पूर्ण बजेटवर लावलेत. क्रेडिट मिळतं ते फक्त पात्र खर्चावर, म्हणजे राज्याच्या हद्दीत, राज्यात धंद्याची नोंदणी असलेल्या विक्रेत्याला किंवा राज्यात काम केलेल्या माणसाला, प्रत्यक्ष चुकत्या केलेल्या पैशांवर. तुमचं बजेट मी पाहिलेलं नाही, पण या आकाराची इतकी बजेटं पाहिलीत की अंदाज बांधायला हरकत नाही. चुकलो तर सांगा.

एडिटिंग आणि साउंड पुण्यात करून घेणार असाल. ६० हजार बाद. फेस्टिव्हलच्या फिया, पोस्टर, प्रसिद्धी यांचे २५ हजार बाद. कॅमेरा आणि लाइट्स मॅनहॅटनच्या भाड्याच्या दुकानातून, कारण सगळे तिथूनच आणतात. ४० हजार बाद. "आकस्मिक खर्च" म्हणून ठेवलेले ३० हजार, ते खर्च झाले नाहीत तर बाद. आणि दिग्दर्शक, लेखक, एक-दोन नट "पैसे नंतर घेऊ" म्हणालेत, ते साधारण ३५ हजार. जोवर चेक वटत नाही तोवर तो खर्च नाही, म्हणून तेही बाद. झाले १ लाख ९० हजार. उरले २ लाख ३० हजार. त्याचे ३० टक्के ६९ हजार. डॉलरला ९० सेंट मिळाले असं धरा, ६२,१०० झाले. सीपीएचं (म्हणजे इथल्या सनदी लेखापालाचं) ऑडिट, वकील, अर्जाची फी यांचे दहा-बारा हजार वजा करा. हातात ५० हजार.

तुमच्या कागदावर १ लाख २६ हजार होते.

घाबरवायला लिहिलं नाही. ५० हजार ही या बजेटात मोठीच रक्कम आहे. पण खड्डा १ लाख ३० हजारांचा आहे आणि तो तसाच आहे.

पात्रतेची अट तुम्ही पार कराल. न्यू जर्सीत एकतर पात्र खर्च दहा लाख डॉलरच्या वर लागतो, किंवा पोस्ट (एडिटिंग, साउंड असं शूटिंगनंतरचं काम) वगळून एकूण निर्मितीखर्चाच्या किमान ६० टक्के खर्च राज्यात लागतो. छोट्या माणसाला ही दुसरी वाट फार मोलाची आहे. वरच्या आकड्यांत पोस्ट सोडून खरोखर होणारा खर्च २ लाख ७०, त्यातला राज्यातला २ लाख ३०, म्हणजे ८५ टक्के. निवांत राहा. तुम्हाला कुणीतरी "जॉर्जियाला जा, तिथे सगळे जातात" असं सांगेलच. तिथे २० टक्के मूळ आणि राज्याचा लोगो दाखवलात की आणखी १० असे ३० मिळतात, पण किमान ५ लाख डॉलर राज्यात खर्च करावे लागतात. तुमचं अख्खं बजेट तिथल्या उंबरठ्याच्या बाहेर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये उंबरठा ५० हजारांचा आहे आणि दर २५ टक्के, पण २२ दिवस सगळं युनिट हॉटेलात ठेवायचं म्हटलं की वरचा फायदा हॉटेलवालाच घेऊन जाईल. लॉन्ड्रोमॅट तुमच्या गल्लीत आहे ना, मग तिथेच करा.

एक सुधारणा मात्र जरूर करा. कॅमेऱ्याचं भाडं न्यू जर्सीतल्या विक्रेत्याला द्या. तो दोन हजारांनी महाग पडला तरी ४० हजारांवर १२ हजारांचं क्रेडिट वाढतं. पोस्ट मात्र पुण्यातच राहू द्या. तेच काम इथे १ लाख २० हजारांना होईल, त्याचे ३६ हजार परत आले तरी ८४ हजार खर्च. पुण्यात ६० आहे. क्रेडिटच्या मागे लागून महाग गोष्ट घेणारे निर्माते मी पुष्कळ पाहिलेत.

दुसरा प्रश्न, पैसे कधी. शूटिंगच्या आधी अर्ज करायचा आणि मंजुरी घ्यायची. मग शूटिंग, मग पोस्ट, मग हिशोब बंद करायचे, मग सीपीएचं ऑडिट, मग राज्याची छाननी, मग प्रमाणपत्र, मग गिऱ्हाईक शोधायचं. पहिल्या शॉटपासून दीड-दोन वर्षं धरून चाला. म्हणजे ज्या दिवशी जनरेटरवाला पैसे मागायला उभा असेल त्या दिवशी हे क्रेडिट तुमच्या काही कामाचं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या ओळखीच्या माणसाने दिलेला सल्ला वाचून मला घाम फुटला.

काही वर्षांपूर्वी ३ लाख १० हजारांच्या एका सिनेमाचा मी हिशोबनीस होतो आणि हौसेने सहनिर्माताही झालो. राज्याचं नाव घेत नाही, चूक राज्याची नव्हती, आमची होती. राज्यातला खर्च २ लाख ४० हजार, दर २५ टक्के, म्हणजे ६० हजार येणार असं धरलं. बँकेकडे गेलो तर त्यांनी हसून चहा पाजला. त्यांच्या वकिलाचा खर्च ६० हजारांच्या कर्जाला आणि ६० लाखांच्या कर्जाला जवळपास तेवढाच असतो, वर कम्प्लीशन बाँड, म्हणजे सिनेमा पूर्ण होईलच याची हमी, हवा. मग एका ओळखीच्या गृहस्थांकडून १२ टक्क्यांनी ४० हजार घेतले, तारण म्हणून येणारं क्रेडिट लिहून दिलं. आणि त्याआधी सहा महिने, गुंतवणूकदारांच्या करारात आम्ही लिहून बसलो होतो की क्रेडिटची रक्कम आली की पहिली त्यांना.

एकच गाय दोन दावणींना बांधली.

ऑडिट झालं. तपासायला आलेल्या बाई फार सौम्य होत्या. त्यांनी आमच्या जेवणाच्या बिलांचा गठ्ठा घेतला आणि एकेका दिवसाच्या कॉल शीटशेजारी मांडत गेल्या. नवव्या दिवशी कॉल शीटवर ११ माणसं, बिलात १४ ताटं. "हे तिघे कोण?" दिग्दर्शकाचे सासू-सासरे आणि मेहुणा शूटिंग बघायला आले होते. ते गेलं. पेट्रोलच्या पावत्या मी बुटांच्या खोक्यात ठेवल्या होत्या. त्या थर्मल कागदावरची शाई उन्हाळ्यात उडून गेली, ३० कोऱ्या चिठ्ठ्या निघाल्या. त्याही गेल्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लाइट्सचं बिल. आमच्या एका भागीदाराने राज्यातल्या पत्त्यावर कंपनी काढून बाहेरच्या राज्यातले लाइट्स तिच्यामार्फत भाड्याने दिले होते. नुसता कागद फिरवण्यापुरता मधला माणूस चालत नाही, हे त्याला माहीत नव्हतं, मला माहीत असायला हवं होतं. असे मिळून २८ हजार कापले गेले. उरले २ लाख १२ हजार, क्रेडिट ५३ हजार, ८८ सेंटने विकून ४६,६४०. सीपीएचे ७,५०० गेले. हातात ३९,१४०.

तोवर १९ महिने झाले होते. कर्जाचे व्याजासकट ४७,६००. गुंतवणूकदार रांगेत पहिले. मी माझ्या खिशातून ८,४६० भरून कर्ज मिटवलं आणि गुंतवणूकदारांना "नंतर देतो" म्हणून पत्र लिहिलं. त्यातले एक माझे चुलत साडू. लग्नाकार्यात भेटतात, बोलतातही, पण वाढताना ताटात दुसरी जिलबी पडत नाही.

म्हणून तुम्ही ठरवा की हे पैसे कशाचे. एकतर शूटिंगला लागणार असतील तर त्यावर उसने घ्या आणि गुंतवणूकदारांना क्रेडिटबद्दल एक अक्षर बोलू नका. नाहीतर ते गुंतवणूकदारांचे, आणि मग खड्डा दुसऱ्या पैशाने भरा किंवा सिनेमा लहान करा. माझं मत विचाराल तर दुसरं. या आकाराच्या सिनेमातून पैसे परत येण्याची खात्रीची वाट जवळपास हीच एक असते. २ लाख ९० हजार देणाऱ्यांना ५० हजार नक्की परत मिळणं म्हणजे रुपयातले १७ पैसे, सिनेमा कुणी पाहिला नाही तरी. दातांच्या डॉक्टरांना हे वाक्य समजेल.

---

टेम्सकाठी

मुनीमजी, साष्टांग नमस्कार. इथे लंडनमध्येही हेच, फक्त आकड्यांची वेशभूषा वेगळी. ब्रिटनने छोट्या सिनेमांसाठी वेगळं क्रेडिट काढलं, १ एप्रिल २०२४ पासून शूटिंग सुरू झालेल्यांसाठी. मथळ्यात ५३ टक्के. ऐकून आमच्या ग्रुपमध्ये लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

पण ते मिळतं मुख्य निर्मितीखर्चाच्या जास्तीत जास्त ८० टक्क्यांवर, आणि मिळालेल्या रकमेवर २५ टक्के कंपनीकर लागतो. म्हणजे शंभर पौंड खर्चले तर ८० चे ५३ टक्के ४२.४० आणि कर जाऊन ३१.८०. वाईट नाही हो, उलट उत्तम आहे, पण ५३ नाही. त्याशिवाय बीएफआयचं (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं) प्रमाणपत्र लागतं, सिनेमा थिएटरसाठीच केलेला असावा लागतो, आणि लेखक किंवा दिग्दर्शक इथला हवा, नाहीतर अधिकृत सहनिर्मिती हवी. पैसे कंपनीचं करविवरण भरल्यावर.

एक फरक चांगला आहे. इथे क्रेडिट विकायला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही, करखातं स्वतः देतं. ब्रोकरचे सेंट वाचतात.

---

शंकेखोर

सगळं ठीक, पण राज्याने मधेच दुकान बंद केलं तर? मिशिगनने २००८ साली ४२ टक्क्यांपर्यंत द्यायला सुरुवात केली, देशभरचे लोक धावले, २०१५ मध्ये योजनाच गुंडाळली. आयोवात २००९ मध्ये कुणी क्रेडिटच्या नावावर आलिशान गाड्या घेतल्याचं निघालं आणि योजना तडकाफडकी थांबली, खटले झाले. लुइझियानाने तर २००२ मध्ये या सगळ्याची मोठी सुरुवात केली, त्यांनीही २०१५ मध्ये एका वर्षात किती क्रेडिट वळतं करू देणार यावर मर्यादा घातली. ज्यांच्या हातात कागद होते ते रांगेत उभे राहिले. सरकारी हुंडीवर कुणी घर बांधतं का?

---

ओसरी

मुनीमजी, तुम्ही माझं बजेट चोरून पाहिलंत का? पोस्ट पुण्यातच आहे, आकडा ५८ हजार. "नंतर घेऊ" म्हणणारे तिघे आहेत, त्यातली एक मी. काल रात्री नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो ५० हजारांपाशी आला तेव्हा उठून पाणी प्यायला गेला.

आणखी दोन शंका. दातांचे डॉक्टर म्हणतात की त्यांना केंद्राच्या करकायद्यातल्या सेक्शन १८१ खाली गुंतवणुकीची पूर्ण रक्कम पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येईल, त्यांच्या गोल्फच्या मित्राने केलं होतं. हे खरं का? आणि पेरोल कंपनी (युनिटचे पगार आणि त्यावरचे कर सांभाळणारी) घ्यायची का? १२ जणांच्या युनिटला ती चैन वाटते. मी एक्सेलमध्ये मस्त फॉर्म्युले लावलेत.

---

मुनीमजी

आधी शंकेखोरांना. बरोबर आहे तुमचं, आणि म्हणूनच मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय शूटिंगची तारीख पक्की करू नये. बहुतेक ठिकाणी योजना बंद झाली तरी ज्यांना मंजुरी मिळालेली असते त्यांचं तोंडावर नाकारत नाहीत, पण उशीर करू शकतात, आणि उशीर म्हणजे व्याज. उसने घेतले नसतील तर उशिराने फक्त डोकं दुखतं. हेही एक कारण की छोट्या सिनेमाने क्रेडिटवर कर्ज काढू नये.

ओसरीताई, गोल्फच्या मित्राने केलं असेल, खरंच केलं असेल. सेक्शन १८१ हे २००४ च्या कायद्यातून आलं. पण ते क्रेडिट नव्हे, वजावट. क्रेडिट थेट करातून कमी होतं, वजावट उत्पन्नातून, त्यामुळे त्याची किंमत ज्याच्या त्याच्या कराच्या दराइतकी. दुसरं, ते २०२५ संपायच्या आत सुरू झालेल्या निर्मितीपुरतं होतं. त्यानंतरच्यांना बोनस घसाऱ्याची (घसारा पहिल्याच वर्षी एकदम धरण्याची) वाट आहे, पण तो सिनेमा प्रदर्शित झाल्यावर धरायचा, पैसे दिल्याच्या वर्षी नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, जे गोल्फच्या मैदानावर कुणी सांगत नाही: डॉक्टर तुमच्या सिनेमात रोजचं काम करणार नसतील तर त्यांचा तोटा निष्क्रिय तोटा ठरतो, आणि तो दवाखान्याच्या कमाईतून वजा होत नाही. फक्त तशाच निष्क्रिय उत्पन्नातून होतो. त्यांची भाड्याने दिलेली घरं असतील तर उपयोग होऊ शकेल. हे त्यांच्या सीपीएने त्यांना सांगावं, तुम्ही सांगू नका. तुम्ही सांगितलंत आणि चुकलं तर ते तुमच्या नावावर राहील.

जाता जाता, क्रेडिट विकून एलएलसीला जे पैसे येतात त्यावर केंद्राचा कर लागू शकतो. सिनेमा तोट्यात असेल तर बहुधा काही भरावं लागत नाही, पण विवरणात दाखवावं लागतं.

पेरोल कंपनी घ्या. घ्याच. चैन नव्हे. मजुरी हा तुमच्या पात्र खर्चातला सगळ्यात मोठा ढीग असणार, आणि तपासणारा माणूस पेरोल कंपनीचा अहवाल पाहून मान डोलावतो, तुमचा एक्सेल पाहून प्रश्न विचारतो. कॅमेरामन शेजारच्या राज्यातून येणार असेल तरी त्याने न्यू जर्सीत केलेल्या कामाच्या मजुरीवर इथला कर कापला गेला असेल तर ती मोजता येते. तो स्वतःच्या कंपनीच्या नावाने बिल देणार असेल तर आधी विचारा, नंतर नाही. नट युनियनचे असतील तर सॅग-आफ्ट्राचा, म्हणजे त्या युनियनचा, तीन लाखांच्या आतल्या सिनेमांचा करार तुम्हाला बसणार नाही, वरचा, सात लाखांपर्यंतचा लागेल. तिथे पेन्शन-आरोग्याचे पैसे वेगळे धरायचे असतात. आणि युनियन तुमच्या सिनेमावर तारणहक्क मागू शकते. क्रेडिटवर उसने देणाराही तेच मागतो. त्या दोघांत समझोता करायला पुन्हा वकील. छोट्या सिनेमाचा अर्धा पैसा असाच दोन वकिलांच्या मधल्या रस्त्यावर सांडतो.

आणि रोख पैसे देऊ नका. कुणालाच. समुद्रकिनाऱ्यावर कणीसवाला आला तरी कार्ड द्या. पावती मिळाली की तिथेच फोनने फोटो, नावात तारीख आणि सीन नंबर. खोकं घरी ठेवा, बुटांसाठी.

---

खवट_काका

दुसरी जिलबी न मिळालेल्या मुनीमजींसाठी इथे दोन मिनिटं शांतता पाळावी असा ठराव मांडतो.

---

ओसरी

ठरावाला अनुमोदन.

काल बजेट पुन्हा उघडलं. समुद्रकिनारा कापला. रडू आलं, पण तो सीन लॉन्ड्रोमॅटमध्ये, कपडे फिरणाऱ्या गोल काचेसमोर जास्त बरा होतोय असं दिग्दर्शकाचं म्हणणं (दिग्दर्शकही मीच). २२ चे १७ दिवस केले. माझी आणि आणखी एकीची "नंतर घेऊ" रक्कम बजेटातूनच काढली. फेस्टिव्हल आणि प्रसिद्धीचे पैसे सिनेमा पूर्ण झाल्यावर, वेगळे उभे करायचे. कॅमेऱ्याला न्यू जर्सीतलं एक दुकान सापडलं, १,८०० डॉलरने महाग. नवा आकडा ३ लाख ८ हजार. जमलेत २ लाख ९०. अठरा हजारांचा खड्डा आहे, तो नवरा आणि मी भरू, म्हणजे स्वयंपाकघराचं नवं काम पुढच्या वर्षी. क्रेडिट गुंतवणूकदारांचं, करारात तसंच लिहायला सांगितलं, पण रक्कम आणि तारीख न घालता.

डॉक्टरांना फोनवर १७ पैशांचं वाक्य सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बाकीचे ८३ बुडाले असंच ना?" मी म्हटलं हो, तसंच धरा. ते हसले आणि आहेत अजून.

एकच राहिलं. सिनेमातलं घर आणि तळघर आमचंच आहे. मी माझ्या एलएलसीकडून मला बाजारभावाने भाडं घेतलं, १७ दिवसांचे साडेआठ हजार, तर ते पात्र खर्चात येईल ना? तेवढेच अडीच हजार क्रेडिट वाढेल.

---

मुनीमजी

ओसरीताई, माझ्या भागीदाराच्या लाइट्सची गोष्ट वर लिहिली आहे, ती पुन्हा एकदा वाचा.

स्वतःच स्वतःला दिलेलं भाडं नियमात बसवता येईलही, आसपासच्या घरांचे दर, लेखी करार, खऱ्या खात्यातून खरा चेक, सगळं दाखवून. पण तपासणारा माणूस त्या एका बिलापाशी थांबला की मग पुढची सगळी बिलं चष्मा लावून बघतो. अडीच हजारांसाठी त्याला चष्मा चढवायला लावू नका. वर ते साडेआठ हजार तुमचं वैयक्तिक उत्पन्न होतील, त्यावर कर भराल तो वेगळाच.

तळघर फुकट वापरा. फक्त विमेदाराला आधी कळवा की तिथे १७ दिवस १२ माणसं आणि जनरेटरची केबल असणार आहे.

---

ओसरी

जनरेटर नाही, घरचीच वीज. पण थांबा, विजेचं बिल?

---

मुनीमजी

😄 शूटिंगच्या आधीच्या महिन्याचं बिल जपून ठेवा. फरक मोजू.